सुई टोचण्याआधी नाव सांगा

नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, बायकांच्या कुठल्याही भरल्या वॉर्डात जा आणि दारातूनच "लक्ष्मीबाई!" अशी हाक मारा. दोन-तीन माना तरी वळतील. आडनाव जोडून "लक्ष्मीबाई जाधव" म्हणालात तरी खात्री नाही. किनवट, माहूर, मुखेडच्या तांड्यांवरून येणाऱ्यांत राठोड, चव्हाण, जाधव, पवार, आडे हीच आडनावं फिरून फिरून येतात. शेख आणि पठाण तर प्रत्येक वॉर्डात असतात. आता यातल्या एका लक्ष्मीबाईला शुगरसाठी इन्सुलिन चालू आहे आणि दुसरीला पेनिसिलिनचं वावडं आहे, असं समजा. रात्री दहाच्या राउंडला सिस्टर ट्रे घेऊन निघाली आहे आणि दोघींच्या खाटा शेजारी शेजारी आहेत.

औषध बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर. माणूस तेवढा दुसरा. रुग्णालयात होणाऱ्या चुकांपैकी ही चूक फार जुनी आहे. तिला कुणाचा वाईट हेतू लागत नाही. गर्दी, घाई आणि सारखी नावं एवढं पुरतं. ती टाळायला मशीन लागत नाही, पैसा लागत नाही. लागतं ते एवढंच, की रुग्णानं किंवा त्याच्यासोबतच्या माणसानं दरवेळी पूर्ण नाव मोठ्यानं सांगावं आणि सिस्टरनं ते कागदाशी ताडून पाहावं. या लेखाचं सगळं सांगणं त्यातच आलं. पण आपल्याकडे हे का होत नाही आणि कुठं कुठं हमखास चुकतं, ते समजल्याशिवाय सवय लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जगापुढं ठेवले. त्यातला दुसराच उपाय रुग्णाची ओळख पटवण्याचा होता. किमान दोन खुणांवरून माणूस ओळखा आणि खाटेचा किंवा खोलीचा नंबर ही खूण धरू नका, असं त्यात स्पष्ट सांगितलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना पहिल्याच वर्षी 'पाच योग्य' पाठ करायला लावतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. त्यातही रुग्ण पहिला आहे, कारण तिथं चुकलं की पुढचे चार बरोबर असूनही उपयोग नाही.

खाटेचा नंबर का चालत नाही, ते मराठवाड्याच्या मे महिन्यात बघावं. चौदा नंबरच्या खाटेवर पंखा आहे आणि पंधरावर नाही. दुपारी नातेवाईक आपापसांत ठरवतात, म्हातारीला जरा वारा लागू द्या म्हणून खाट बदलतात. सिस्टरला सांगायचं राहून जातं. त्यात जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात, त्यांना नंबरच नसतो. "चौदाच्या बाजूची खालची" हीच मग त्या बाईची ओळख होते. ड्युटी बदलते, नवी सिस्टर येते आणि कागदावरची चौदा नंबर शोधते. म्हणून पहिली विनंती: न विचारता खाट बदलू नका. बदललीच तर तेव्हाच सिस्टरला सांगा, सकाळवर ठेवू नका.

दुसरी अडचण प्रश्नाच्या पद्धतीत आहे. "तुम्हीच ना लक्ष्मीबाई?" असं विचारलं की आपल्याकडचं म्हातारं माणूस "व्हय की" म्हणतं. ऐकू आलेलं नसतं तरी म्हणतं. ताप डोक्यात गेलेला असतो तरी म्हणतं. डॉक्टर-सिस्टरसमोर नाही म्हणायची आपल्याकडे सवयच नाही. देगलूर, बिलोली, धर्माबादकडून आलेल्याला तेलुगू जवळची, उदगीर-निलंग्याच्या सीमेवरच्या माणसाला कानडी आणि किनवटच्या पाड्यावरच्याला गोंडी किंवा कोलामी. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला पंजाबातून आलेला यात्रेकरू आजारी पडला तर त्याचं मराठी ते किती? या सगळ्यांची मान हलते, पण त्यातून काही कळत नाही. म्हणून सिस्टर, ब्रदर यांनी नाव स्वतः उच्चारू नये. "तुमचं पूर्ण नाव सांगा" एवढंच म्हणावं आणि उत्तराची वाट बघावी. तुम्हाला कुणी नाव आधीच सांगून विचारलं, तर नुसतं हो म्हणू नका. आपलं नाव आपल्या तोंडानं पुरतं सांगा.

पूर्ण नाव म्हणताच जुन्या बायकांची पंचाईत होते. मधलं नाव नवऱ्याचं. ते उखाण्यात घ्यायचं, एरवी नाही. "आमच्या मालकाचं नाव तुम्हीच वाचा की कागदावर" असं म्हणून आजी पदर तोंडाला लावते. त्यात माहेरचं नाव एक, लग्नानंतर बदललेलं दुसरं. आधारवर लक्ष्मी, गल्लीत गंगू आणि घरात सगळे म्हणतात 'अक्का'. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते तेव्हा केसपेपर काढायला गेलेला भाऊ घाईत माहेरचं आडनाव सांगून मोकळा होतो. जुने रिपोर्ट सासरच्या नावानं असतात. एकाच बाईचे दोन केसपेपर तयार होतात आणि रक्तगट, हिमोग्लोबिन, मागच्या वेळची अडचण हे सारं दुसऱ्या कागदात राहतं. आजींना सांगा, दवाखान्यात मालकाचं नाव घेतलं म्हणून काही बिघडत नाही. आणि केसपेपर काढताना आधारवर जे आहे तेच नाव, तसंच्या तसं लिहून घ्या.

दुसरी खूण म्हणून जन्मतारीख विचारायची पद्धत शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत आहे. आपल्याकडे तिचा भरवसा कमी. शाळेत नाव घालायला गेलेल्या किती तरी मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लिहिली. त्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी. जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं वय "असंल साठ-पासष्ट" एवढंच. म्हणून आपल्याकडे पूर्ण नावाला जोड द्यायची ती नोंदणी क्रमांकाची. भरती होताना केसपेपरवर जो आयपीडी नंबर पडतो, तो त्या माणसाचाच असतो, दुसऱ्या कुणाचा नसतो. सोबतच्या माणसानं तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. गावाचं नाव ही तिसरी खूण, तीही सांगावी. हाताला नावाचा पट्टा बांधलेला असेल तर त्यावरचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी वाचून घ्या. चुकलं असेल तर बदलून मागा. टोचतो म्हणून काढून उशाखाली ठेवलेला पट्टा ऐनवेळी कामाचा नाही.

आता रक्ताविषयी, कारण तिथं चूक जिवावर बेतते. ए गटाच्या माणसाच्या अंगात बी गटाचं रक्त गेलं तर शरीर त्या पेशी फोडायला लागतं. काही मिनिटांत थंडी वाजून येते, कंबर दुखते, छाती भरून येते, लघवी लालसर-काळी होते, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. ही चूक फार वेळा रक्तपेढीत होत नाही, वॉर्डात होते. क्रॉसमॅचसाठी, म्हणजे रक्त जुळतं का ते बघण्यासाठी घेतलेल्या नमुन्यावर दुसऱ्याचं नाव लागतं, नाहीतर आलेली पिशवी दुसऱ्या खाटेला टांगली जाते. देशात रक्त चढवताना होणारे अपाय नोंदवण्यासाठी डिसेंबर २०१२ पासून राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो, तो याचसाठी.

पिशवी आली की काय व्हायला हवं, ते नातेवाइकांनी बघून ठेवावं. दोन जाणकार माणसं, दोन सिस्टर किंवा एक सिस्टर आणि एक डॉक्टर, रुग्णाच्या उशाशी उभी राहतात. एक जण पिशवीवरचं वाचतो: नाव, नोंदणी क्रमांक, रक्तगट, पिशवीचा क्रमांक, मुदत. दुसरा तेच फॉर्मवर आणि केसपेपरवर ताडतो. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याला नाव विचारतात. मग सही होते आणि मग नळी जोडली जाते. टेबलावर बसून केलेली तपासणी यात धरत नाहीत, ती खाटेजवळच हवी. पहिली पंधरा मिनिटं कुणीतरी रुग्णाजवळ थांबावं. थंडी, खाज, कंबरदुखी, धाप, यातलं काहीही दिसलं तर लगेच सिस्टरला हाक मारा. "पिशवी संपू द्या, मग सांगू" असं करू नका.

नमुन्याची गोष्ट तर थेट नातेवाइकांच्या हातात असते. आपल्याकडच्या अनेक रुग्णालयांत रक्ताची नळी घेऊन लॅबला पळतो तो पेशंटचा भाऊ किंवा पुतण्या. त्याला निघताना कुणी म्हणतं, "तिकडंच चाललास तर शेजारच्या आजीचीही घेऊन जा." दोन नळ्या एका मुठीत, दोन चिठ्ठ्या दुसऱ्या मुठीत. लॅबच्या खिडकीवर गर्दी, आणि कोणती चिठ्ठी कोणत्या नळीची हे कळेनासं होतं. एका वेळी एकाच रुग्णाचा नमुना न्या. नळीवर नाव आणि नंबर लिहिलेला असल्याशिवाय खाटेपासून हलू नका. सिस्टरांनाही विनंती आहे की नावाची चिठ्ठी रक्त काढल्यावर खाटेजवळच लावावी. आधीच चिकटवून ठेवलेल्या रिकाम्या नळ्या ट्रेमध्ये फिरल्या की त्या हमखास अदलाबदल होतात.

हेच मेडिकलमधून आणलेल्या औषधांचं. दोन खाटांच्या मधल्या एकाच लॉकरवर दोन घरांच्या पिशव्या असतात. पिशवीवर मार्करनं नाव लिहा. बाटलीवरचं लेबल वाचता येत असेल तर वाचा. ३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्याच यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. पण बाटली हातात घेणारा आणि पाजणारा यांच्यातल्या कुणीही लेबलावरून एकदा नजर फिरवली असती तर ती वेळ आली नसती.

बाळंतिणीच्या वॉर्डात जरा जास्त थांबायला हवं, कारण तिथल्या रुग्णाला नावच नसतं. आपल्याकडे नाव बाराव्या दिवशी ठेवतात. तोवर ते 'लक्ष्मीबाईचं बाळ' असतं, जुळी असली तर 'एक' आणि 'दोन'. मे २०१८ मध्ये बीडच्या जिल्हा रुग्णालयात एक बाळ जन्मलं. नोंदीत मुलगा लिहिलं गेलं. बाळाला पुढच्या उपचारांसाठी खासगी रुग्णालयात हलवलं होतं. घरी न्यायची वेळ आली तेव्हा आईबापाच्या हातात मुलगी आली. बाळ बदललं म्हणून तक्रार पोलिसांत गेली, डीएनए तपासणी झाली आणि ती मुलगी त्यांचीच निघाली. बाळ बदललेलं नव्हतं. चुकला होता तो नोंदीतला एक शब्द. तेवढ्यानं एका लेकराला काही दिवस कुणाचंच म्हणून राहावं लागलं. मुलीऐवजी मुलगा लिहिलं गेल्यावर आपल्या समाजात काय काय मनात येतं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रसूतिगृहातच तीन गोष्टी व्हाव्यात. बाळ आईला दाखवावं आणि मुलगा की मुलगी हे आईच्या तोंडून वदवून घ्यावं. आईच्या आणि बाळाच्या हातावर किंवा पायावर एकाच नावाचे, एकाच नंबरचे पट्टे तिथंच, खोलीबाहेर जाण्याआधी बांधावेत. जन्माची वेळ, वजन आणि लिंग केसपेपरवर लगेच लिहावं. बाळाला काचेत ठेवायला नेताना सोबत जाणाऱ्या आजीनं किंवा आत्यानं पट्टा वाचून मगच ते सिस्टरच्या हाती द्यावं, परत घेतानाही वाचावा. काळा दोरा बांधायचा तर जरूर बांधा, पण त्यासाठी पट्टा कापू नका.

आता एक कडू गोष्ट. दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेऊ नका. नांदेडकरांना हे विशेष सांगायचं, कारण २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होतं. पुढं तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. आपलं नाव रेशनकार्डात नाही, आधार जुळत नाही, म्हणून चुलतभावाच्या किंवा जावेच्या नावानं भरती व्हायचं, असा सल्ला देणारे गावात भेटतात. फसवणुकीचा गुन्हा हा त्यातला एक भाग झाला. त्याहून मोठा धोका अंगाला आहे. तुमचा रक्तगट, तुमचं वावडं, तुमचं ऑपरेशन आता भावाच्या नावावर नोंदलं गेलं. पुढच्या वर्षी भाऊ अपघातात बेशुद्ध होऊन आला तर डॉक्टर त्याच्या नावाची जुनी नोंद बघतील आणि ती तुमची असेल. वॉर्डात सिस्टरनं नाव विचारलं की घरचे डोळ्यांनी खुणावतात आणि पेशंट खोटं नाव सांगतो. मग खरं-खोटं ताडायचं कसं? कार्डाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा, समाजसेवा अधीक्षकांना भेटा. वाट निघते. नाव उसनं घेऊ नका.

लातूरच्या वसतिगृहांतल्या मुलांविषयीही बोललं पाहिजे. लातूर पॅटर्नसाठी, नीटच्या क्लाससाठी राज्यभरातून मुलं येतात आणि खोल्या करून राहतात. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप भरला की रूममेट रात्री अकराला दुचाकीवर बसवून दवाखान्यात आणतो. त्याला मित्राचं नाव माहीत असतं 'राहुल' आणि आडनाव. वडिलांचं नाव, रक्तगट, कशाचं वावडं, यातलं काही नाही. अशा वेळी पोरगा ग्लानीत असेल तर सगळा अंधार. आईबापांनी हे करावं: मुलाचं पूर्ण नाव, रक्तगट, चालू औषधं, वावडं आणि घरचे दोन फोन नंबर एका कागदावर लिहून त्याच्या ओळखपत्रामागं ठेवावेत. त्याची एक प्रत घरमालकाकडे किंवा रेक्टरकडे द्यावी. आभा क्रमांक, म्हणजे सरकारनं दिलेला चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढला असेल तर तोही त्यावर असावा. शेतात, ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्यांच्या खिशातही असा कागद हवा. अपघात कुणाला सांगून होत नाही.

"सिस्टर, किती वेळा नाव विचारता? कालपासून इथंच तर आहे," हे वाक्य प्रत्येक वॉर्डात रोज ऐकू येतं. बँकेतून दहा हजार काढताना सही, खाते नंबर, आधार सगळं मागतात, तेव्हा आपल्याला राग येत नाही. इथं तर जिवाचा प्रश्न आहे. तीच सिस्टर, तोच पेशंट, तेच इंजेक्शन असलं तरी नाव दरवेळी विचारायचं, हाच नियम आहे. सकाळी विचारलं म्हणून संध्याकाळी सोडून दिलं, की त्याच संध्याकाळी चूक होते. तेव्हा नाव विचारणाऱ्या सिस्टरवर चिडू नका. न विचारणाऱ्या सिस्टरला मात्र हात जोडून थांबवा आणि म्हणा, "आमचं नाव एकदा बघून घ्या आणि कशाचं इंजेक्शन आहे ते सांगा." यात उद्धटपणा काही नाही.

सिस्टरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे वैद्यकीय महाविद्यालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागं एक परिचारिका हवी. रात्रपाळीचा आपला कुठलाही सरकारी वॉर्ड आठवा आणि हा आकडा त्याशेजारी ठेवा. सप्टेंबर २०२३ संपताना आणि ऑक्टोबर लागताना विष्णुपुरीच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती आणि मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंचा संबंध या विषयाशी जोडणं चूक ठरेल. पण त्या निमित्तानं रुग्णांची गर्दी आणि अपुरं मनुष्यबळ यांवर जी चर्चा झाली, तीच गर्दी ओळख पटवण्याच्या मुळावर येते. पदं भरा, पट्टे आणि प्रिंटर वॉर्डात द्या, ही मागणी लोकांनीही केली पाहिजे, सगळी सिस्टरांवर सोडून चालणार नाही.

आणि सिस्टर, ब्रदर, तुम्हाला दोन शब्द. सारख्या नावाचे दोन पेशंट एका वॉर्डात आले तर केसपेपरवर लाल अक्षरात 'नाव सारखं' असं लिहा आणि शक्य असेल तर त्यांच्या खाटा लांब ठेवा. ड्युटी सोडताना ते तोंडीही सांगा. मृतदेह ताब्यात देतानाही हीच काळजी घ्या. जुलै २०२० मध्ये ठाण्याच्या बाळकुममधल्या कोविड रुग्णालयात एका कुटुंबाला दुसऱ्याच रुग्णाचा मृतदेह दिला गेला. अंत्यसंस्कार झाले आणि नंतर कळलं की त्यांचा माणूस जिवंत आहे, उपचार चालू आहेत. चूक झाली किंवा होता होता राहिली, तर लपवू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. वेळेत कळलं तर बहुतेकदा उपाय करता येतो. आणि वरिष्ठांनी सांगणाऱ्याला आधी झापू नये, नाहीतर पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही.

२०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळतात. आपल्याला ही तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही, तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. झेंडावंदनाला गाव जमतंच. त्या सकाळी आशाताईंनी, सरपंचांनी, शाळेतल्या गुरुजींनी पाच मिनिटं याविषयी बोलावं. घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांकडून आधारवरचं पूर्ण नाव एकदा म्हणवून घ्यावं.

तोवर घरातलं कुणी दवाखान्यात भरती असेल तर आजपासून एवढं करा. गोळी, सुई, सलाईन, रक्त, नमुना, ऑपरेशन, बाळ. यातलं काहीही करायला कुणी खाटेजवळ आलं की आधी पेशंटचं पूर्ण नाव आणि केसपेपरचा नंबर सांगा, ते कागदावर ताडलेलं डोळ्यांनी बघा आणि मगच हात पुढं करू द्या.